व्रताचा हिशेब

गुरुवारचा उपास आपल्याकडे घरोघरी असतो. साठीनंतर मात्र प्रश्न येतो : मधुमेह असताना निराहार राहणं हा धर्म का? ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती बघत नाही. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली, की घाम, थरथर, भोवळ. साबुदाण्याचं उलट, तो बहुतेक स्टार्चच, साखर भरभर चढते. उपास माझा, पण धावपळ सुनेची, नातवाची. त्यांच्या जिवाला घोर लावून मिळवलेलं पुण्य माझ्या खात्यात कसं जमा होणार? देह ही महाराजांनी दिलेली ठेव आहे. डॉक्टरांना विचारून वेळेवर दोन घास खावेत, गोड-तळलेलं सोडावं, जीभ आवरावी. तोही उपासच.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!