बनी तो बनी

मांजर ‘पाळणे’ हा शब्दप्रयोग ज्या गृहस्थाने प्रथम केला, त्याच्या घरी मांजर नसावे. कुत्रा पाळता येतो, पोपट पाळता येतो, फार काय, डॉक्टरांनी सांगितलेले पथ्यही चार दिवस पाळता येते. मांजर मात्र आपल्या घरी राहायला येते, आणि आपणही तिथेच राहिलो तर तिची हरकत नसते, एवढेच. शास्त्रज्ञांचेही म्हणणे साधारण असेच आहे. पश्चिम आशियात माणूस शेती करून धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजरे आली. बोलावले कुणीच नव्हते. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले एक मांजर सापडले, ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे. न बोलावता आलेले पाहुणे इतके टिकतात!

आमच्याकडची पाहुणी २०१८ च्या पावसाळ्यात आली. रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी न्हाणीच्या पत्र्याखाली मुठीएवढे ओले पिल्लू बसलेले दिसले. आमच्या गावाबद्दल जुनी म्हण आहे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ कुठे जमले तर जमले, नाहीतर परभणी आहेच. पिल्लाचा अवतार पाहता त्याचे कुठेच जमलेले नव्हते. म्हणून नाव ठेवले बनी.

“चार दिवस राहू दे,” आई वाटीत दूध ओतत म्हणाली. “आपल्याला काही मांजर ठेवायचं नाही.”

पाचव्या दिवसापासून साय बनीला आणि खालचे दूध आम्हाला, अशी वाटणी झाली. मी तर चारचौघांत ‘आम्ही तिला दत्तक घेतलीय’ असे सांगू लागलो. दत्तक या शब्दात घेणाऱ्याचा एक मोठेपणा असतो. तो मला फुकटात मिळत होता.

मग २०१९ च्या महालक्ष्म्या आल्या. आरास झाली, पाहुणे जमले, सोळा भाज्यांचे ताट मांडले आणि सर्वांच्या देखत बनीने नैवेद्याच्या खिरीत तोंड घातले. सोळा भाज्यांकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. आई कडाडली, “सोडून ये तिला कुठंतरी!” ते रागात निघालेले वाक्य होते. एरवी आईची दहा वाक्ये मी कानाआड करतो. पण आज्ञाधारकपणा माणसाला नेमका अशा वेळी सुचतो. दुसऱ्या दिवशी मी खुंटीवरची दळणाची पिशवी काढली, बनीची मानगूट धरून तिला आत घातले आणि स्कूटरवरून कृषी विद्यापीठाच्या शेतांकडे नेऊन सोडले. तिथे शेते आहेत, शेतात उंदीर आहेत, शिवाय शैक्षणिक वातावरण! परतीच्या वाटेवर मी स्वतःला इतक्या सबबी सांगितल्या, की शेवटी माझा मलाच संशय आला.

“लेकरू टाकून आल्यावानी तोंड कामून केलंस?” आईने विचारले. दाराआडची वाटी तिने उचलली नव्हती.

रात्री झोप येईना, तेव्हा मला कायदा आठवू लागला. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात एकदा रीतसर घेतलेले दत्तक रद्द करता येत नाही. मांजराला हा कायदा लागत नाही, हे मलाही कळते. पण दत्तक हा शब्द मीच मिरवला होता. प्राण्याला उपाशी मरायला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला त्यात दहा ते पन्नास रुपये दंड लिहिला गेला. पन्नास रुपये भरून झोप लागणार असती, तर मी शंभर भरले असते.

कायदा संपला तशी तत्त्वज्ञानाकडे मजल गेली. श्रीवैष्णवांच्यात भक्तीविषयी दोन मते आहेत. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते; मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला मानेला धरून सुरक्षित जागी नेते. एक पक्ष माकडाचा, एक मांजराचा. मी इतके दिवस मांजरपक्षातला पालक म्हणून मिरवत होतो. मानगूट मीही धरली होती, पण पिशवीत घालण्यासाठी.

पाचव्या दिवशी पहाटे बनी परत आली. कान फाटलेला, अंगावर कुसळे. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सरळ वाटीपाशी जाऊन बसली आणि ओरडली. आईने काही न बोलता साय घातली.

जनाबाई आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची. परंपरा सांगते, तिला लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या घरी ठेवले. परक्या घरी वाढलेल्या त्या पोरीला दळण दळू लागायला खुद्द विठ्ठल येऊन बसे, असे आमच्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. आश्रिताच्या जात्याला हात लावण्यात धन्याचा कमीपणा नसतो, हे मला तेव्हा उमगले. दळणाशी माझाही संबंध आला होता, पण पिशवीपुरताच.

बनीने मला क्षमा केली का, हे सांगता येत नाही. ती माझ्या खुर्चीवर झोपते, मी स्टुलावर बसतो. रात्री पायाशी येते, माझ्या धोतरावर नखे परजते. मालक कोण, हा प्रश्न आता आमच्यात निघत नाही. एवढेच कळले आहे, की ज्याला आपण कधीही सोडू शकतो, त्याला न सोडणे याखेरीज मालकीला दुसरा अर्थ नाही.

फक्त एक गोष्ट राहिली आहे. मी खुंटीवरून दळणाची पिशवी काढली, की बनी कितीही गाढ झोपेत असो, उठते आणि माळ्यावर जाते. मी गिरणीतून परत येईपर्यंत उतरत नाही.

म्हणून हल्ली मी दळण डब्यातून नेतो. डबा जड आहे, रस्त्यात झाकण वाजते. लोक विचारतात, “पिशवी काय झाली हो?”

मी सांगतो, “मांजरानं नेली.”