मृतांविषयी साक्ष

बारावीचे निकाल लागले की अनेक घरांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "इतिहास घेऊन पुढे काय करणार?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कर्ज काढून मुलांना शिकविणाऱ्या आईबापांना तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न विचारावयास हवा. इतिहास शिकून माणूस कसा घडतो?

झाशीहून कानपूरच्या रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर गेले की चिरगाव लागते. हिंदी कवी मैथिलीशरण गुप्त यांचा जन्म येथे १८८६ साली झाला. त्यांच्या 'भारत-भारती' या काव्याचे अतीत, वर्तमान व भविष्यत् असे तीन खंड आहेत. गुप्तांचे बहुतेक शिक्षण घरीच झाले. म्हणजे, भूतकाळावर प्रेम करण्यासाठी महाविद्यालयाची पायरी चढावी लागत नाही. ते प्रेम घर आणि गाव देऊ शकतात. महाविद्यालयाचे काम निराळे आहे. ते या प्रेमाची उलटतपासणी घ्यावयास शिकविते.

चिरगावच्या शेजारच्या झाशीचेच उदाहरण घेऊ. ८ जून १८५७ रोजी किल्ल्यातून बाहेर आलेल्या युरोपियन व मिश्रवंशीय स्त्री-पुरुषांची आणि मुलांची जोखनबागेत कत्तल झाली. त्यांना अभयाचे वचन मिळाले होते. हे कृत्य बंडखोर शिपायांचे असून आपला त्यात हात नाही, असे राणी लक्ष्मीबाईंनी सागरचे कमिशनर अर्स्किन यांना लिहिले. अर्स्किन यांनी प्रथम कारभार त्यांच्याकडेच सोपविला. पुढे सरकारने त्यांनाच दोषी धरले. एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोझच्या सैन्याने शहर घेतले, तेव्हा नागरिकांची कत्तल झाली. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी शहरात होते. त्यांनी ती हकीकत 'माझा प्रवास'मध्ये लिहिली, पण वीसहून अधिक वर्षांनी, आठवणीतून. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली ती फेरफार करून छापली. मूळ संहिता द. वा. पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. दुसऱ्याच्या मजकुरात आपले शब्द मिसळण्याचा मोह किती सोज्ज्वळ रूपाने येतो, हे भाषांतराचे काम करणारा मी चांगलेच जाणतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे सारे कागद समोर ठेवावे लागतात. कोणी लिहिले, केव्हा, कोणासाठी, आणि खरे सांगितल्याने त्याचे काय जाणार होते? राणींची पत्रे आपल्याला आवडतात म्हणून खरी ठरत नाहीत. इंग्रजांच्या अहवालांची चीड येते म्हणून ते खोटे ठरत नाहीत. मराठी ख्रिस्ती वाचकाची येथे विशेष परीक्षा होते. जोखनबागेतील मृत आपल्या धर्माचे, राणी आपल्या भाषेची. कोणासाठी रडावे? दोन्हीकडच्या मृतांसाठी, आणि एकाचा खून दुसऱ्याच्या खुनाने झाकू नये. मृतांना आपली बाजू मांडता येत नाही. म्हणून त्यांच्याविषयी खोटी साक्ष देणे अधिक सोपे, आणि अधिक नीच.

हे शिक्षण अठराव्या-विसाव्या वर्षी मिळावे, कारण त्याच वयात मते घट्ट होऊ लागतात. ते एकाकीही असू नये. १८८३ साली सुरू झालेले नागपूरचे हिस्लॉप कॉलेज किंवा डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली स्थापन केलेले अहमदनगर कॉलेज अशा ठिकाणी इतिहासाच्या शेजारच्या वर्गात साहित्य व अर्थशास्त्र शिकवितात. आठवण गोष्टीचे रूप कसे घेते, हे साहित्य दाखविते. लढाईचा खर्च कोणाच्या शेतसाऱ्यातून निघाला, हे अर्थशास्त्र विचारते.

आता त्या आईबापांच्या प्रश्नाकडे वळू. अध्यापन, पत्रकारिता, सरकारी सेवा हे मार्ग आहेत. हमी मात्र कोणी देऊ नये. परंतु घरच्या, मंडळीच्या वा गावाच्या तंट्यात विरुद्ध बाजूचे म्हणणे तिला मान्य होईल अशा शब्दांत सांगू शकणारा एक जण लागतोच. आपला मुलगा किंवा मुलगी तो एक जण व्हावी, यासाठी तीन वर्षे देण्याची आपली तयारी आहे काय?