स्तूपापुढे मागायचे काय?



आपली दुधनी अक्कलकोट आणि गाणगापूर यांच्या वाटेवर आहे. नवस बोलायला आणि फेडायला जाणारी माणसे वर्षभर आपल्या स्टेशनावरून जातात. आपले वाडवडीलही त्यांत होते. दीक्षा घेतल्यावर आपण ती वाट सोडली. आता आपली कुटुंबे लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या डोंगरावर बौद्ध लेणी पाहायला जातात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण वाट बदलली तसे मनही बदलले काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे.

विहारात एका आजीने मला विचारले, "गुरुजी, तिथं नारळ वाढवला तर चालंल का? नातवाला नोकरी लागू दे म्हणीन." आजीचा हेतू वाईट नव्हता. जन्मभर डोंगर चढायचा तो काहीतरी मागण्यासाठीच, हेच तिला शिकवले गेले होते.

कार्ल्याला चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरा देवीचे देऊळ आहे. कोळी बांधव आणि इतर अनेक लोक तेथे श्रद्धेने येतात. त्यांची निंदा करणे हे आपले काम नव्हे. पण तेथे न मागता आत जाऊन तेच मागणे स्तूपाकडे मागितले, तर आपण देव बदलला, धर्म बदलला नाही. बुद्धाने आपण मोक्षदाता असल्याचे कधी सांगितले नाही. तो मार्गदाता आहे. डोंगराच्याच दगडातून कोरलेला तो स्तूप नोकरी देत नाही, की कोपही करत नाही.

मग आपले काही शिकलेले तरुण म्हणतात, "दगडच आहे, तर जायचे कशाला?" हेही बरोबर नाही. तो स्तूप कोणी उभा केला ते पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगराला वलुरक म्हणत. तेथील शिलालेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा सिंहदत्त आहे आणि सामी नावाचा एक सुतारही आहे. स्तूपावरचे लाकडी छत्र आणि छताच्या लाकडी फासळ्या आजही टिकून आहेत. ज्यांना गावाने नाव घेऊन हाक मारली नाही, अशा घरांतील मुलांनी हातांनी काम करणाऱ्या माणसाचे नाव धम्माच्या दारी कोरलेले वाचावे, ही लहान गोष्ट नाही. मागण्यासाठी जाणारा रिकाम्या हाताने परततो. समजून घेण्यासाठी जाणारा मात्र काही घेऊन येतो.

महापरिनिब्बान सुत्तात स्तूपाला फुले वाहून मन प्रसन्न करण्याला मान्यता आहे. त्याच सुत्तात तथागतांची सर्वश्रेष्ठ पूजा कोणती तेही सांगितले आहे : धम्माप्रमाणे वागणे. म्हणून फुले जरूर वाहा, त्रिसरण-पंचशील म्हणा, पण खरी पूजा डोंगर उतरल्यावर सुरू होते.

आणखी एक गोष्ट रोखठोक सांगतो. कर्ज काढून कोणी कार्ल्याला जाऊ नये. सावकाराकडून पैसे आणून यात्रा करण्याची जुनी खोड नव्या नावाने घरात शिरू देऊ नका. गाणगापूरला जी भीमा आहे, तिच्याच काठी खाली सन्नतीजवळ कनगनहळ्ळीचा महास्तूप आहे. 1994 नंतरच्या उत्खननात तेथे सम्राट अशोकाची प्रतिमा सापडली, आणि तिच्यावर ब्राह्मी लिपीत 'राया असोको' असे नाव कोरलेले आहे. तोही आपल्यापासून फार दूर नाही. तेथेही जाणे जमले नाही तर काही बिघडत नाही. पोराच्या फीचे पैसे राखून जो घरीच राहिला, त्याचे शील उणे होत नाही.

जाऊन आलेल्यांनी मात्र आपला हिशेब स्वतःच करावा. दारू सुटली काय? खोटे कमी झाले काय? मुलीची शाळा चालू राहिली काय? बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी आपल्याला प्रतिज्ञा दिल्या त्या पाळण्यासाठी. स्तूपापुढे उभे राहून मागायचे काही नाही. तेथे आपल्या प्रतिज्ञा आठवायच्या आणि घरी येऊन पाळायच्या.