चक्रपाणींचा खराटा

दत्तजयंतीला डोळ्यांसमोर येतात ती तीन मुखे, सहा हात, पाठीशी गाय आणि पायाशी चार कुत्री. हेच रूप पहिल्यापासूनचे, असे आपण धरून चालतो. पण फलटणच्या महानुभाव मंडळींना विचारा. त्यांचे दत्तात्रेयप्रभू एकमुखी. पंचकृष्णांपैकी एक, चारही युगांत असणारा अवतार. ब्रह्मा-विष्णू-महेशांची बेरीज नव्हे. तिकडे सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी औदुंबरला मुखाचा प्रश्नच येत नाही. दत्ताचे अवतार मानल्या गेलेल्या नृसिंहसरस्वतींनी तिथे चातुर्मास केला आणि पूजा होते ती पादुकांची. ज्याला जशी ओढ, तसा त्याला देव दिसला. यातला खरा दत्त कोणता, या वादात मला रस नाही.

मला ओढ आहे ती फलटणच्याच एका मुलाच्या गोष्टीची. बाराव्या शतकात जनकनायक आणि जनकाइसे यांच्या पोटी इथे चक्रपाणी जन्मले. घरदार सोडून ते माहूरला गेले. तिथे दत्तात्रेय वाघाच्या रूपात समोर आले, गर्जना केली आणि त्यांच्या माथ्यावर चवडा ठेवला, असे महानुभाव परंपरा सांगते. कृपा आली ती वाघाच्या पंजातून!

आणि एवढी शक्ती लाभलेल्या पुरुषाने पुढे काय केले? ते द्वारकेला गेले. हाती खराटा आणि सूप घेतले, गल्ल्या झाडल्या, केर सुपात भरला आणि गोमतीत नेऊन टाकला. (केर नदीत टाकणे आज चालायचे नाही, झाडणे मात्र चालेल.)

वाघाची गोष्ट आपण रंगवून सांगतो, खराट्याची एका वाक्यात उरकतो. चमत्काराशिवाय नमस्कार नाही, ही आपली जुनी खोड. चक्रपाणींच्या जन्मस्थानाला माथा टेकणारे पुष्कळ, पण झाडू हाती घेणे हीही त्यांचीच उपासना होती, हे किती जणांच्या मनात येते? आठशे वर्षांनी गाडगेबाबांनी तोच खराटा उचलला. त्यांनाही आपण पुतळ्यात बसवले आणि खराटा पुतळ्याच्याच हाती ठेवला.

आषाढवारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटणला विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला उतरते. सकाळी ती बरडच्या वाटेला लागते आणि मागे पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, चिखलात रुतलेले प्लास्टिक उरते. फलटणकरांनो, येत्या आषाढात पालखीला निरोप दिल्यावर लगेच घरी वळू नका. तिथे झाडत असलेल्या सफाई कामगाराला रामराम करा आणि तासभरासाठी त्यांच्याकडून एक खराटा मागून घ्या.