गोष्ट कुणासाठी?

‘टेन कनूज’ हा चित्रपट सुरू होताच निवेदक आपली फिरकी घेतो. फार फार वर्षांपूर्वी, दूर देशी, अशी ठरावीक सुरुवात करतो आणि स्वतःच खो-खो हसतो. ‘आटपाट नगरा’ची अशी थट्टा माझ्या आजीनं खपवून घेतली नसती. ही गोष्ट तुमची नाही, माझी आहे, असंही तो बजावतो. आवाज डेव्हिड गुलपिलिल यांचा.

चित्रपट २००६ चा, दिग्दर्शक रॉल्फ डी हिअर आणि पीटर जिगर यांचा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, आर्नहेम लँडच्या दलदलीत तो घडतो आणि पात्रं आपल्याच आदिवासी भाषांत बोलतात. बीज एका छायाचित्रात होतं. मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन यांनी १९३० च्या दशकात झाडाच्या सालीच्या होड्यांतून निघालेली माणसं टिपली होती. तिथल्या रामिंगिनिंग गावच्या लोकांना थॉमसनच्या छायाचित्रांत आपले आजे-पणजे दिसले. त्यामुळे भूमिका वाटताना अभिनयाआधी नातं पाहिलं गेलं. पडद्यावरचे नवरा-बायकोसुद्धा नात्यागोत्याच्या नियमांत बसायला हवे होते.

तरुण दायिंदीचा डोळा थोरल्या भावाच्या धाकट्या बायकोवर आहे. भाऊ रागावत नाही, गोष्ट सांगायला घेतो. साल सोलताना, होडी बांधताना, हंसांची अंडी गोळा करताना ती थोडी थोडी उलगडते. थॉमसनच्या छायाचित्रांशी इमान राखून होड्यांचा काळ कृष्णधवल ठेवलाय, तर त्याहून कितीतरी जुनी ती गोष्ट रंगीत आहे. जुनं म्हणजे करडं, हा आपला संकेत इथं उलटा होतो.

दायिंदी उतावळा होतो. खरं सांगायचं तर मीही झालो. पण हे रेंगाळणं म्हणजे पटकथेचा ढिलेपणा नव्हे. गोष्टीची वाट पाहता येत नाही, त्याला बायकोची वाट कशी पाहता येणार? सिनेमा एरवी तिकीट काढणाऱ्या कुणालाही गोष्ट सांगतो. इथं ती एका माणसासाठी, एका कारणासाठी आहे. आपण फक्त कान देऊन बसलेले. ‘आदिवासी कथन’ म्हटलं की आपण उगाच गंभीर चेहरा करतो. इथं मात्र रांगेत चालताना वारा कुणी सोडला यावरून हशा पिकतो, आणि मधावर जीव टाकणारा एक लठ्ठ म्हाताराही आहे.

गोष्टीतल्या धाकट्या भावालाही थोरल्याची बायको हवी असते, आणि शेवटी ती मिळते. सोबत भावाच्या थोरल्या बायकाही येतात, त्यांच्या फर्माइशींसकट. दायिंदी ऐकत असतो.