पाटी नसलेली सीमा

वंशभेदाच्या राजवटीत सामान्य माणसे कशी जगली हे दाखवणाऱ्या परदेशी चित्रपटांना एक सोय अनायासे लाभलेली असते, ती पाटीची. दक्षिण आफ्रिकेत १९५० साली वंशवार वसतिक्षेत्रे ठरवून देणारा कायदा झाला. बाकड्यांपासून समुद्रकिनाऱ्यांपर्यंत कोणी कोठे असावे हे फलकांवर लिहिलेले असे, आणि दिग्दर्शकाने तेवढ्या फलकावर कॅमेरा वळवला की अर्धे कथानक सांगून होई. त्याच वर्षी अंमलात आलेल्या आमच्या राज्यघटनेने सतराव्या कलमान्वये अस्पृश्यता नष्ट केली; परंतु आमच्याकडील विभागणी सरकारी हुकमावर कधी फारशी विसंबलेलीच नव्हती, ती वहिवाटीवर चालत आली होती, आणि वहिवाटीचे छायाचित्र निघत नाही.

पुण्यापुरतेच पाहावे. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. त्यात शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्याबरोबर एस. एम. जोशींसारखे सवर्ण तरुणही होते, आणि सत्याग्रहींच्या अंगावर दगड आले. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी याच शहरातल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली ‘धर्मात्मा’ काढला. आधी योजलेले ‘महात्मा’ हे नाव, त्यात गांधीजींचा भास होतो म्हणून, सेन्सॉरने चालू दिले नाही. बालगंधर्वांनी साकारलेले संत एकनाथ जाई या चिमुकल्या महार मुलीच्या आग्रहाखातर तिच्या घरी जेवायला जातात, हा त्या कथेचा प्राण. पर्वतीचा प्रश्न दाराशी धुमसत असताना कंपनी साडेतीनशे वर्षे मागे पैठणास गेली, याबद्दल तिला दोष देणे सोपे आहे, पण मला ते न्याय्य वाटत नाही; नाथांच्या आडून जे बोलता आले ते पर्वतीचे नाव घेऊन त्या काळी पडद्यावर बोलता आले असते, असे मानायला आधार नाही. माझा आक्षेप निराळा आहे. ज्या दिवशी नाथ जेवायला येत नाहीत त्या दिवशी त्या घरात काय शिजते, हे चित्रपट विचारीत नाही. नियम मोडणारा थोर पुरुष नायक ठरतो, आणि त्या नियमाखाली जन्म काढणारे कुटुंब त्याच्या थोरवीचे निमित्त होऊन राहते.

‘फँड्री’त कोणीही जेवायला येत नाही. नागराज मंजुळे यांच्या या २०१३ च्या चित्रपटात कैकाडी घरातला जब्या शाळेत जातो, वर्गातल्या शालूवर जीव टाकतो, आणि बापाबरोबर गावातली डुकरे धरण्याच्या कामापासून अंग चोरतो. वहिवाट पडद्यावर आणायची ती अशी: कोणी शिवी देवो वा न देवो, डुक्कर सुटले की कोणाला हाक मारायची हे गावात कोणाला विचारावे लागत नाही. सारे कुटुंब डुकरामागे धावत असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते, तेव्हा जब्या ताठ उभा राहतो, घरची माणसेही जागच्या जागी थांबतात, आणि हाताशी आलेले जनावर निघून जाते. पुढे तेच डुक्कर काठीला बांधून नेताना वाट शाळेच्या भिंतीजवळून जाते, आणि त्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, आंबेडकर, गाडगेबाबा रंगवलेले असतात. प्रतिमा काहीशी ठरवून मांडलेली आहे, हे कबूल. पण आमच्या गावोगावच्या शाळांच्या भिंतीही तशाच ठरवून रंगवलेल्या असतात, त्याला मंजुळे काय करणार! किशोर कदमांनी साकारलेला जब्याचा बाप कचरू त्या भिंतीकडे पाहतसुद्धा नाही. त्याच्या खांद्यावर ओझे आहे आणि मजुरी अजून हाती यायची आहे.

पुण्यातल्या एखाद्या चित्रपट-मंडळाने हे दोन्ही चित्रपट लागोपाठ दाखवावेत, आणि कालक्रम मोडून ‘फँड्री’ आधी लावावा. मग नाथांचे पान वाढले जाताना निदान काही प्रेक्षकांची नजर बालगंधर्वांवरून ढळून वाढणाऱ्या बाईच्या हाताकडे जाईल.