ठपका ठेवण्यापूर्वी

समाजात काही बिघडलेले दिसले की आपण पहिल्यांदा विचारतो, 'हे कोणी केले?' आणि उत्तर बहुधा तयारच असते. जो समोर आहे, गरीब आहे, ज्याला उलट बोलता येत नाही, तोच दोषी ठरतो.

तामिळनाडूत चिदंबरमजवळ पिचावरमचे खारफुटीचे वन आहे. कोकणात आपण ज्याला तिवर म्हणतो, ते झाड तेथे मोठ्या प्रमाणात आढळते. हे वन जागोजागी उजाड होऊ लागले, तेव्हा ठपका आसपासच्या लोकांवर आला. हे सरपण तोडतात, गुरे चारतात, म्हणून वन संपते, असे म्हटले गेले.

१९९० च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्थेने शोध घेतला, तेव्हा मूळ कारण वेगळेच निघाले. ब्रिटिश काळापासून सरकारी पद्धतीनेच वनाचे पट्टे पाडून एकेका पट्ट्यातील सारी झाडे तोडली जात. सावली गेली, उघड्या चिखलातील पाणी उन्हाने आटले, जमीन बशीसारखी खचली. भरतीचे पाणी आत शिरे, पण ओहोटीला बाहेर पडत नसे. ते तेथेच आटे आणि मीठ मागे राही. अशा जमिनीत रोप जगणार कसे?

मग वन विभाग, संस्था आणि गावकरी एकत्र आले. माशाच्या काट्यासारखे चर खणून खाडीला जोडले गेले. पाणी खेळू लागले, मीठ धुऊन निघाले आणि त्यानंतर लावलेली रोपे तगली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या वनाच्या आड असलेल्या गावांची हानी उघड्या किनाऱ्यावरील गावांपेक्षा कमी झाल्याचे नोंदले गेले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्याने बिघडवले नाही, त्याने दुरुस्त का करावे? व्यवहार सांगतो, ज्याचा दोष त्याची भरपाई. पण वने तोडण्याची पद्धत ठरवणारे कधीच निघून गेले होते. लाटेसमोर उभे होते ते तेथे राहणारे. कर्तव्य केवळ दोषातून जन्मत नाही, ते आपलेपणातूनही जन्मते. घरातील आजाऱ्याची सेवा करताना आजार कोणामुळे आला, हे आपण विचारत बसत नाही.

मात्र याचा गैरअर्थ काढू नये. गरिबाच्या आपलेपणावर साऱ्या समाजाचा भार टाकणे हा धर्म नव्हे. त्याच्या श्रमाला मोल आणि निर्णयात त्याला स्थान मिळालेच पाहिजे. खोटा ठपका पुसणे, हे तर पहिले देणे.

आपणही वृक्षारोपण करतो. रोप लावण्याच्या दिवशी उत्साह असतो. पण पिचावरमचे चर गाळाने पुन्हा भरतात, पुन्हा उपसावे लागतात. तेथे ना समारंभ असतो, ना छायाचित्र. खरी सेवा अशाच दिवशी पारखली जाते.

माणसांचेही असेच आहे. घरातले मूल चिडचिडे झाले, एखादा कार्यकर्ता येईनासा झाला, तर उपदेशाची रोपे लावण्याआधी पाणी कोठे तुंबले आहे ते पाहा. या आठवड्यात अशा एका व्यक्तीजवळ बसा. दोष न देता ऐका. मग हाती कुदळ घ्यावी लागली, तर 'मीच का?' असे विचारू नका.